बत्तीस लिटर समुद्राचा अर्ज

प्रति,
मा. रेक्टर मॅडम आणि वसतिगृह समितीचे सर्व सदस्य,
मुलींचे वसतिगृह, नाशिक.

विषय : खोल्यांमधल्या माशांच्या टाक्या आठ दिवसांत हलवण्याच्या सूचनेबाबत.

सा. न. वि. वि.

सोमवारी सकाळी मेसच्या दाराशी सूचना लागली आणि दुपारच्या जेवणापर्यंत माझ्या खोलीत सहाजणी येऊन गेल्या. चौघी "आता काय करणार गं?" म्हणायला. एक टाकी बघायला, कारण दोन वर्षं त्याच मजल्यावर राहून तिला माझ्याकडे टाकी आहे हेच माहीत नव्हतं. आणि एक सुनावायला, की तुमच्या माशांपायी आता आमच्या खोल्यांचीही झडती होणार.

शेवटचीचं म्हणणं मला सगळ्यात जास्त पटलं. म्हणून हे पत्र बंद पाकिटात न देता सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. बंद पाकिटातला अर्ज मी मागच्या वर्षी दिवाळीनंतर दिला होता. त्यावर काही झालं नाही, आणि त्यात दोष माझाच जास्त. तो अर्ज इतका गुळमुळीत होता की त्यात 'टाकी' हा शब्दच नव्हता. 'सुट्टीत काही उपकरणांचा वीजपुरवठा सुरू ठेवणेबाबत' असा विषय होता. वाचणाऱ्याला वाटलं असेल, हिला फ्रिज आणायचाय.

आता स्पष्ट लिहिते. दुसऱ्या मजल्यावर, माझ्या खोलीत, खिडकीपासून लांबच्या भिंतीला लागून, पावणेदोन वर्षांपासून खाऱ्या पाण्याची टाकी आहे. ४५ सेंटिमीटर लांब, ३० रुंद, ३० उंच. दगड आणि वाळू वजा जाता त्यात साधारण ३२ लिटर पाणी मावतं. एक क्लाउनफिश (केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा छोटा समुद्री मासा), शंखात राहणारे दोन खेकडे, चार गोगलगाई. परवानगी घेतलेली नाही. नियमात 'पाळीव प्राणी' असे शब्द आहेत, मासा हा प्राणी आहे आणि मी मायक्रोबायोलॉजीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे 'मला वाटलं मासे चालतात' हा बचाव मला शोभणार नाही.

सूचना ज्या घटनेमुळे निघाली तिच्याबद्दल आधी बोलू. तिसऱ्या मजल्यावरची ती टाकी गोड्या पाण्याची होती आणि माझ्या टाकीच्या दुप्पट. कपाटाच्या मागे ठेवलेली, वरून ओढणी टाकलेली, एक्स्टेंशन बोर्ड खाली फरशीवर. एका कोपऱ्यातला सिलिकॉनचा सांधा सुटला, पाणी बोर्डात गेलं, अख्ख्या मजल्याची लाईट गेली आणि खालच्या खोलीतल्या दोघींच्या गाद्या भिजल्या. कुणाला शॉक बसला नाही हे नशीब. तुम्ही चिडलात ते बरोबरच होतं. पण मॅडम, ती टाकी कपाटाच्या मागे का होती? तिथे तिला धड टेकायला जागा नव्हती, हात घालून काच पुसायला जागा नव्हती, सांधा झिरपायला लागला तर दिसायला जागा नव्हती. तिथे ती फक्त तुम्हाला दिसू नये म्हणून होती. माझी टाकीही पहिले चार महिने अशीच पलंगाखाली, चादरीच्या झालरीमागे होती. त्या चार महिन्यांत एकदा मी बोर्डातून पिन उपसली तर पितळ हिरवं पडलेलं. खाऱ्या पाण्याचे बारीक शिंतोडे वायरवर बसतात, पाणी उडून जातं, मीठ राहतं, आणि ते पांढरं मीठ हवेतला ओलावा धरत हळूहळू वायरवरून पुढे सरकत सॉकेटपर्यंत पोचतं. उजेडात असतं तर आठ दिवसांत दिसलं असतं. पलंगाखाली ते चार महिने बसून होतं.

तेव्हापासून टाकी वर आली. वायरला सॉकेटच्या खाली झोळ दिलाय, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतो, वर चढत नाही. बोर्ड भिंतीवर, टाकीच्या पातळीच्या वर. दर रविवारी ओल्या फडक्याने मीठ पुसते, आधी स्विच बंद करून.

काही मुलींनी मला विचारलं, एवढा खटाटोप करण्यापेक्षा गोड्या पाण्याची टाकी का नाही? किंवा मेसमधलं मीठ का नाही टाकत? पहिल्याचं उत्तर हौस, दुसरं काही नाही. दुसऱ्याचं उत्तर जरा लांबतं, पण सांगते, कारण समितीतल्या एका सरांनी परवा 'मिठाचं पाणी करायला काय लागतं' असं विचारल्याचं कानावर आलं. पेण-उरणकडे मिठागरात पाणी उन्हात आटत जातं तेव्हा कॅल्शियमचे क्षार आधीच खाली बसतात, मग मीठ पिकतं, आणि मॅग्नेशियम बरंचसं राहतं ते शेवटच्या कडवट पाण्यात. ते पाणी काढून टाकतात. म्हणजे आपल्या ताटातलं मीठ हे समुद्रातलं एकच माप झालं. माशाला आणि विशेषतः गोगलगाई-खेकड्यांना बाकीची मापंही लागतात. त्यासाठी टाकीचं वेगळं मीठ मिळतं, त्यात हे सगळे क्षार समुद्राच्या प्रमाणात असतात. एका लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार, घनता १.०२५. हे मोजायला मी रिफ्रॅक्टोमीटर आणला तेव्हा बाबांनी तो हातात घेऊन डोळ्याला लावला आणि म्हणाले, "अगं, हे तर आपलं ब्रिक्स मीटर!" आमच्या निफाडकडे द्राक्षाच्या मण्याचा रस काचेवर पिळून गोडी मोजतात, तेच यंत्र. त्यात साखरेऐवजी मिठाची पट्टी.

टाकीतून रोज अर्धा पेला ते उन्हाळ्यात अर्धा लिटर पाणी आटतं. आटतं ते फक्त पाणी, मीठ मागे राहतं. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची. एकदा मी प्रॅक्टिकलला अडकले होते, तेव्हा माझ्या रूममेटने माया म्हणून कॅनमधलं तयार खारं पाणी वरपर्यंत भरून ठेवलं. बिचारीला वाटलं, समुद्र आहे तर समुद्रच घालावा. पण त्याने मीठ आणखी चढतं, आणि भरच घातली नाही तरी चढतं. गणित सोपं आहे: ३२ लिटरमधलं ५ लिटर आटलं आणि कुणी भर घातली नाही, तर ३५ चं ४१ च्या वर जातं. आठ-दहा दिवसांची सुट्टी तेवढ्याला पुरते.

भर घालायला आणि आठवड्याला ३ लिटर पाणी बदलायला मी खालच्या कूलरचं आरओचं पाणी घेते. बोअरचं चालत नाही. आपल्या बादल्यांना आतून पांढरा थर बसतो तो बघा. दोन्ही मिळून आठवड्याला ६ लिटरच्या आसपास, रात्री साडेदहानंतर, रांग संपल्यावर. पाणीकपात असते त्या दिवसांत तेही अंगावर येतं, मान्य आहे. तेव्हा मी माझी केस धुण्याची एक बादली कमी केली. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही; आईने ऐकलं तेव्हा ती दोन दिवस हसत होती.

टाकी भरल्यावर पाच आठवडे तिच्यात एकही मासा नव्हता. हे माझ्या मजल्यावरच्या मुलींना अजून पटत नाही. रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकायचं, ते कुजू द्यायचं आणि नळीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकून रंग बघत बसायचं. कुजण्यातून अमोनिया होतो, तो माशाला विष. पाण्यात आणि दगडांवर हळूहळू एक जातीचे जिवाणू वाढतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषच. मग दुसरे येतात, ते नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते थोडंफार चालतं, आणि पाणी बदललं की निघून जातं. दुसऱ्या सेमिस्टरला मातीतल्या नत्रचक्राची आकृती मी जर्नलमध्ये कंपासने काढली होती. नळी हिरवी म्हणजे अमोनिया आहे, पिवळी म्हणजे नाही; इथे ते चक्र पिवळ्याचं हिरवं, हिरव्याचं परत पिवळं होताना बघितलं. शेवटच्या आठवड्यात नळी लागोपाठ तीन दिवस पिवळी राहिली, तेव्हा मी मध्यरात्री रूममेटला उठवून दाखवली. ती म्हणाली, "पाहुणे कधी येणार ते सांग, रंग मला दाखवू नकोस."

पाहुणे फेब्रुवारीत आले. त्या दिवसाबद्दल मी तुमच्याशी खोटं बोलले, ते इथे कबूल करते. रजेच्या अर्जात 'नाशिकरोडला मावशीकडे' असं लिहिलं होतं. मावशी खरी आहे, मुक्कामही खरा. पण सकाळी मी मुंबईला गेले होते. क्रॉफर्ड मार्केटमधून पैदाशीचे दोन क्लाउनफिश घेतले. हे मासे समुद्रातूनच धरून आणावे लागतात असं नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची पैदास करण्याचं तंत्र केव्हाच बसवलंय, आणि टाकीत जन्मलेला मासा टाकीत टिकतोही बरा. दोन पिशव्या, एक तृतीयांश पाणी, बाकी ऑक्सिजन, वर रबर. थर्माकोलच्या खोक्यात घालून संध्याकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसमध्ये चढले. कसाऱ्याला घाट चढायला मागून इंजिन लागेपर्यंत गाडी थांबली तेव्हा मी झाकण किलकिलं करून बघितलं, तर समोरच्या काकू म्हणाल्या, "पनीर आहे का गं?" मी हो म्हटलं. इगतपुरीला गारवा आत यायला लागला तशी खोक्याभोवती स्वेटर गुंडाळला आणि स्वतः कुडकुडत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला गेटवर आले तेव्हा थर्माकोलचं खोकं द्राक्षाच्या पेटीत होतं. पेटीवर आमच्या गावाचं नाव छापलेलं. वॉचमनकाका म्हणाले, "वा, पहिला तोडा! दोन घड ठेव की इथं." मी म्हटलं, "आंबट आहेत काका, अजून ब्रिक्स भरला नाही." त्यांनी मान डोलावली. नाशिकच्या माणसाला हे कारण पटतं.

आता मागच्या दिवाळीचं.

सुट्टीत वसतिगृह बंद करताना प्रत्येक मजल्याचा मेन स्विच पाडतात. सुरक्षेसाठी करतात आणि करायलाच हवं. किती खोल्यांत पाणी तापवायच्या कांड्या प्लगला लावून ठेवलेल्या असतात हे मला ठाऊक आहे, खोल्यांचे नंबर मात्र सांगणार नाही. मला मेन स्विचचं माहीत नव्हतं. कुणी सांगितलं नाही, कारण मी कुणाला सांगितलंच नव्हतं की माझ्याकडे चोवीस तास चालणारं काही आहे. मी पंप चालू, हिटर चालू असं बघून, काच पुसून, कुलूप लावून घरी गेले. तिथे फराळ केला, बागेत छाटणीनंतरची धावपळ होती तीत हात लावला.

सहाव्या दिवशी परत आले. कुलूप काढायच्या आधी दाराच्या फटीतून वास आला. पंप बंद म्हणजे पाण्याचा वरचा थर हलत नाही, आणि पाणी हललं नाही तर हवेतला ऑक्सिजन आत उतरत नाही. त्यात खाऱ्या पाण्यात गोड्यापेक्षा ऑक्सिजन मुळातच कमी विरघळतो. जोडीतला मोठा मासा वाळूवर आडवा पडलेला, रंग जाऊन कागदासारखा झालेला, त्याच्या पोटापाशी एक खेकडा. छोटा वरच्या कोपऱ्यात तोंड पाण्याबाहेर काढून होता. त्याच्या दोन्ही कल्ल्यांची झाकणं उघडझाप करताना मला तीन फुटांवरून दिसत होती. मेन स्विच चढवला होता तुमच्या माणसाने त्याच सकाळी, त्यामुळे पंप चालू होता, पण पंपाने तेच पाणी फिरवलं असतं, अमोनियाचं. नळी गडद हिरवी. माझ्याकडे कॅनमध्ये १५ लिटर खारं पाणी तयार होतं म्हणून तो वाचला. रात्री दोनपर्यंत मी आणि रूममेट बादल्या आणि प्लास्टिकचे मग घेऊन पाणी काढत-भरत होतो. ती पक्की शाकाहारी, वासाने तिला दोनदा बाथरूमला जावं लागलं, पण तिने मग सोडला नाही.

क्लाउनफिशमध्ये जोडीतला मोठा तो मादी असतो, छोटा नर. मादी गेली की नर मादी होतो. आज टाकीत जो आहे तो या वर्षभरात चांगला वाढलाय. मेसच्या मावशी त्याला 'गाजराची वडी' म्हणतात. रात्री दिवा मालवला की तो पंपाच्या नळीजवळच्या कोपऱ्यात जाऊन एका कुशीवर झुकतो आणि तिथल्या तिथे शेपूट हलवत राहतो, रात्रभर. झोपतो तो असाच.

सूचना लागल्यापासून मला जो सल्ला सर्वात जास्त मिळाला तो असा, की गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, ने आणि सोडून दे, पुण्य लागेल. सल्ला देणारी माणसं मनाने चांगली आहेत. पण रामकुंडात हा मासा सोडला तर तो काही तासांत मरेल. समुद्रातला मासा सतत पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो; त्याचं सगळं शरीर त्या कामाला जुंपलेलं असतं. गोड्या पाण्यात उलटं होतं, पाणी त्याच्या अंगात शिरत राहतं आणि मीठ निसटत राहतं. गोड्या पाण्यातले टाकीचे मासे तर आणखी सोडू नयेत, कारण ते मरत नाहीत. उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात आता टाकीतले सकर मासे येतात, ते कुणाच्या तरी अशाच पुण्याचे. तिसऱ्या मजल्यावरची टाकी फुटल्यावर वाचलेले चार मासे कुठे गेले हे मी विचारलेलं नाही. तुम्ही विचारावं असं मला वाटतं.

विजेबद्दल सूचनेत 'अवाजवी वापर' असं म्हटलंय. पंप ५ वॅटचा, चोवीस तास. दिवा १८ वॅटचा, आठ तास. दोन्ही मिळून दिवसाला पाव युनिटच्या जरासं वर. हिवाळ्यात ५० वॅटचा हिटर निम्मा वेळ चालतो असं धरलं तर आणखी ०.६ युनिट. म्हणजे थंडीत महिन्याला २६ युनिट, उन्हाळ्यात ८. पाणी तापवायची १५०० वॅटची कांडी पंधरा मिनिटं लावली की पाऊण युनिटच्या निम्मे जातात, आणि ती सकाळी किती ठिकाणी लागते ते वर आलंच आहे. युनिटचा जो दर असेल तो मी भरायला तयार आहे, मागच्या पावणेदोन वर्षांचाही.

थंडीत हिटर लागतो तो का, हे नाशिककरांना समजावायची गरज नाही. निफाडला पारा पाचाच्याही खाली उतरतो, तेव्हा मणी तडकू नयेत म्हणून बाबा पहाटे तीनला उठून बागेत शेकोट्या करतात, विहिरीचं पाणी ठिबकने सोडतात; जमिनीतल्या पाण्याने ऊब धरलेली असते. माझ्या माशाला २५ अंश लागतात. मे महिन्यात मात्र उलटं, तेव्हा पाण्याच्या वर छोटा पंखा लावते. पाणी जास्त आटतं, पण दोन अंशांनी उतरतं.

दोन गोष्टी मी टाकीत ठेवत नाही, आणि परवानगीचा काही नियम केलात तर त्यात त्यांची बंदी घाला. जिवंत प्रवाळ आणि समुद्रघोडे. दोन्ही २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. तरी बाजारात कुणीतरी हळूच 'आतून' दाखवतं आणि म्हणतं, सगळेच ठेवतात. मलाही दाखवलं होतं, हिरव्या टोकांचं, मुठीएवढं. दहा मिनिटं बघत उभी राहिले आणि न घेता आले. माझी टाकी म्हणून जरा ओकीबोकी दिसते: कोरडे आणलेले दगड, त्यांच्यावर आता जांभळट खरबरीत थर धरलाय, एका कोपऱ्यात शेवाळाचा गोळा. बघायला आलेल्या मुली म्हणतात, "एवढंच?"

मला विचाराल तर दहातल्या नऊ मुलींना परवानगी देऊ नका. खरंच सांगते. पाच आठवडे रिकामी टाकी बघायची जिची तयारी नाही तिने मासा आणू नये. वाढदिवसाला काचेच्या वाडग्यात भेट मिळालेला मासा तर गेटवरूनच परत पाठवा. पण जिला ठेवायचाय तिला तो उघड ठेवता आला पाहिजे, म्हणजे तुमचा वायरमन येऊन वायर बघू शकेल आणि सुट्टीच्या आधी तिचं नाव तुमच्या वहीत असेल. पूर्ण बंदी झाली तर टाक्या जाणार नाहीत, त्या पुन्हा पलंगाखाली जातील. मी तिथे चार महिने ठेवली आहे, म्हणून ठामपणे लिहिते.

आठ दिवसांची मुदत मला मान्य आहे. टाकी खोलीतून हलेल. मागणी एवढीच, की ती कुठे जावी.

तळमजल्यावर टीव्हीच्या खोलीत डावीकडे जो कडप्प्याचा ओटा आहे, जिथे आधी जुना वॉटर कूलर होता, तो दोन वर्षं रिकामा आहे. सध्या त्यावर जुनी वर्तमानपत्रं आणि कॅरमचं तुटकं स्टँड असतं. भरलेली टाकी साधारण ५० किलोची होते. पाण्याने भरलेला कूलर त्या ओट्याने पेललाय, हिलाही पेलेल. खाली मोरी आहे, पाणी सांडलं तर तिथेच जाईल. भिंतीवर स्वतंत्र सॉकेट आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या खोलीची लाईन वॉचमनकाकांच्या केबिनच्या लाईनवर आहे, त्यामुळे सुट्टीत मजल्यांचे स्विच पाडले तरी ती चालू राहते. हे मी वायरमनदादांना विचारून घेतलंय. त्या सॉकेटला ईएलसीबी बसवावा लागेल, ३० मिलिअँपिअरचा, म्हणजे पाण्यातून करंट गळला की तत्क्षणी लाईट जाईल. त्याचा खर्च माझा. अनामत म्हणून जी रक्कम ठरवाल ती भरते. दिवाळीत रोज भर घालायला वॉचमनकाकांच्या मुलीला, ती आठवीत आहे, मी बाटलीवर खुणा करून शिकवलंय. तिने एक प्रश्न विचारला ज्याचं उत्तर मला शोधावं लागलं: माशाला तहान लागते का? लागते. वर लिहिलंच आहे.

टाकी खाली न्यायला एक दुपार लागेल. दगड ओलेच ठेवून न्यावे लागतात, नाहीतर त्यांच्यावरचे जिवाणू मरतात आणि पाच आठवडे पुन्हा पहिल्यापासून. रविवारी दुपारी मेस बंद असते, तेव्हा टीव्हीच्या खोलीत कुणी नसतं. चार मुलींनी बादल्या धरायचं कबूल केलंय. त्यात खालच्या खोलीतली, जिची गादी भिजली होती, तीही आहे. तिने एक अट घातली आहे, की टाकी टीव्हीच्या पडद्याआड येता कामा नये. मोजून बघितलं, येत नाही.

मे महिन्यात माझी परीक्षा झाली की टाकी माझ्याबरोबर निफाडला जाईल. ओटा पुसून देईन, मिठाचे डाग ओल्या फडक्याने निघतात.

शनिवारपर्यंत तुमचं उत्तर आलं तर रविवारी हलवता येईल. त्याआधी एकदा बघायला आलात तर रात्री साडेदहानंतर या, दिवा मालवल्यावर. दार उघडंच ठेवेन.

आपली विश्वासू,
दुसऱ्या मजल्यावरची टाकीवाली

ता. क. द्राक्षाच्या पेटीच्या प्रकरणात वॉचमनकाकांचा काहीही दोष नाही. त्यांनी पेटी बघितली, आत द्राक्षंच असणार असं समजले. त्यांचे दोन घड मी मार्चमध्ये दिले, थॉमसनचे, चांगले गोड होते.